शेऱ्यांची वाट पाहण्यात गेलेले तेवीस दिवस

डिझाइनच्या पदवीच्या शेवटच्या वर्षी मी प्रकल्पासाठी मराठी पुस्तकांत वापरता येईल असा देवनागरी फॉन्ट करायचे ठरवले. विषयाची मंजुरी आणि पहिली ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडणे, हे टप्पे कसे पार पडले ते आता मला नीट आठवतही नाही. दुसरी ज्युरी मात्र बारकाव्यांसकट आठवते. भिंतीवर लावलेल्या माझ्या अक्षरांसमोर परीक्षक सात-आठ मिनिटे उभे राहिले, आपापसांत हळू आवाजात बोलले आणि पुढे गेले. संध्याकाळी सूचनाफलकावर माझ्या नावापुढे 'असमाधानकारक, पुन्हा सादर करावे' एवढेच लिहिलेले होते.

लेखी शेरे विभागाच्या कार्यालयातून मिळतील असे सांगण्यात आले. ते हाती पडायला तेवीस दिवस लागले. आधी एका परीक्षकांची सही राहिली होती, मग ते बाहेरगावी गेले होते, त्यानंतर पत्रक जुन्या नमुन्यात भरल्यामुळे पुन्हा लिहायचे होते. "सोमवारी ये," हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या सोमवारांसाठी ऐकले. तो राग अजून गेलेला नाही, कारण त्या दिवसांत माझे काय झाले हे मला ठाऊक आहे. काय चुकले ते कळले नाही, की सगळेच चुकले आहे असे वाटू लागते. मला प्रत्येक अक्षराचा संशय येऊ लागला. रोज फाइल उघडायची, 'क'चा आकार ठरवणाऱ्या बाह्यरेषेवरचा एखादा बिंदू थोडा सरकवायचा, पुन्हा होता तिथे आणायचा आणि फाइल बंद करायची. मागून कोणी आले की मी संगणकाचा पडदा झाकत असे. पुढे तर दिवसा स्टुडिओत जाणेच सोडले आणि रात्री सगळे गेल्यावर जाऊ लागले. आई फोनवर प्रकल्पाबद्दल विचारी, तेव्हा मी "चाललंय" म्हणून विषय बदलत असे. नापास होण्याच्या भीतीपेक्षा, आपल्याला हे मुळात येतच नाही असे कोणीतरी लेखी देईल, ही भीती मोठी होती.

सोळाव्या रात्री स्टुडिओत पदव्युत्तर वर्गातली एक ताई भेटली. तिने माझा पडदा पाहिला आणि म्हणाली, "हे इथे बघून तुला काही कळणार नाही. छापून ने आणि कुणालातरी वाचायला दे." दुसऱ्या दिवशी मी दहा पॉइंट आकाराच्या अक्षरांत एक परिच्छेद साध्या कागदावर छापला आणि जवळच्या सार्वजनिक वाचनालयात सकाळी वर्तमानपत्रे वाचायला येणाऱ्या मंडळींकडे गेले. पहिलेच काका तिसऱ्या ओळीत थांबले आणि त्यांनी विचारले, "बाळ, हे घन आहे की धन?"

'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावर डावीकडे शिरोरेषा तुटलेली असते. मी ती फट इतकी अरुंद ठेवली होती की छपाईत ती बुजत होती आणि 'ध'चा 'घ', 'भ'चा 'म' दिसत होता. दुसऱ्या एका आजींना 'तऱ्हा' या शब्दातला अर्धा र कागदावरचा डाग वाटला. मी परत आले ती हातात दोन नेमक्या चुका घेऊन, आणि कित्येक दिवसांनी त्या रात्री मला शांत झोप लागली. कार्यालयातून मिळालेल्या शेऱ्यांत शेवटची ओळ 'वाचनीयता तपासावी' अशी होती. ती पहिल्या दिवशी कळली असती, तर माझे दोन आठवडे तरी वाचले असते.

म्हणून सांगते, ज्युरीच्या वेळी वही देऊन एखाद्या मैत्रिणीला शेजारी उभे करावे आणि परीक्षकांचा शब्द न् शब्द टिपून घ्यायला सांगावे, कारण आपण स्वतः त्या वेळी घाबरलेले असतो आणि निम्मे ऐकतच नाही. दुरुस्ती करताना एकच पर्याय काढू नये. मी 'ध'च्या फटीचे तीन पर्याय काढले, कारण तिघांपैकी दोन टाकायचेच असतात हे आधीच ठरलेले असले की टाकताना हात थरथरत नाही. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे. त्याची फाइल उघडून बिंदू कुठे ठेवले आहेत हे पाहता येते, आणि मी ते पाहिलेही. फॉन्टच्या फाइलमध्ये आवृत्तीचा क्रमांक लिहायची जागा असते, हे तेव्हाच माझ्या पहिल्यांदा लक्षात आले. पुढे दुरुस्त्या होणार हे त्यात गृहीतच धरलेले असते.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' सुरुवातीलाच काढून ठेवावेत. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये हिंदी आणि मराठी 'ल'ला क्रमांक एकच आहे, त्यामुळे दोन्ही वळणे फॉन्टमध्ये ठेवून भाषेनुसार योग्य ते निवडले जाईल अशी सोय करावी लागते. मी हे काम शेवटी ठेवले आणि त्यात दोन रात्री गेल्या.

तिसऱ्या ज्युरीला मी टाकून दिलेले 'ध'ही भिंतीवर लावले आणि प्रत्येकाखाली तो का टाकला ते लिहिले. परीक्षक त्या भिंतीपाशी अर्धा तास थांबले, अर्ध्या 'र'बद्दल त्यांनी बरेच प्रश्न विचारले आणि 'ळ' अजून जड दिसतो असे तोंडीच सांगितले. मैत्रिणीने ते लिहून घेतले. या वेळचे लेखी शेरे एकोणीस दिवसांनी आले, तोपर्यंत 'ळ' दुरुस्त होऊन वाचनालयात दोनदा वाचूनही झाला होता.