आधी काच घ्या

"काका, वस्तऱ्याला धार लावायला कुठला दगड घेऊ? जपानी की बेल्जियन?" मी अजून वस्तऱ्याने दाढी करतो हे कुणाला कळलं, की दोन-चार दिवसांत हा प्रश्न येतोच. मी सांगतो, आधी काच घे. समोरच्याला वाटतं, म्हातारा टाळतोय. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

माझे आजोबा गावचे न्हावी, बलुत्यावर काम करणारे. मी मात्र ३५ वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. त्यामुळे वस्तऱ्याकडे मी निम्मा न्हाव्याच्या आणि निम्मा फिटरच्या नजरेने बघतो. फिटरचा भाग जरा जास्तच, असं घरचे म्हणतात.

विळीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याला ती कटकट नाही. पाठ आणि धार, दोन्ही दगडावर टेकवायच्या आणि धार पुढे ठेवून सरकवायचं. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांतून कोन आपोआप ठरतो, साधारण १६-१७ अंशांचा. पण याच सोयीत गोम आहे. दगड जसा असेल, तशी धार होते. दगड मध्ये केसभर जरी बसका असला, तरी पात्याची दोन्ही टोकं घासली जातात आणि मधला भाग नुसता तरंगत जातो. मग माणूस म्हणतो, कल्ल्याशी छान चालतो, गालावर ओढतो. आणि आणखी महागाचा दगड शोधायला लागतो.

टूलरूममध्ये आम्ही सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट केलेल्या जड पाटावर, निळा रंग फासून त्यावर जॉब, म्हणजे तपासायचा भाग, घासायचो. जिथे रंग लागेल तो उंचवटा. ब्लू मॅचिंग म्हणायचो त्याला. वस्तऱ्याचं उलटं करायचं. धारेच्या कडेला मार्कर फासायचा, दगडावर हलक्या हाताने एकच फेरी मारायची आणि उजेडात बघायचं. शाई कुठे गेली, कुठे राहिली, यात सगळं कळतं. ह्याला दहा-वीस रुपयांचं पेन पुरतं.

आता काच, दगड सपाट करायला. आठ-दहा मिलिमीटर जाडीची, दगडापेक्षा मोठी, काचवाल्याकडून कडा घासून आणलेली. तिच्यावर पाणी मारून वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा पॉलिश पेपर, चिकटवायचा, ३२० किंवा ४०० नंबरचा. नंबर जितका मोठा तितका कण बारीक, दगडांचंही तसंच. दगडावर शिसपेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा मारायच्या आणि घासायला लागायचं. कडेच्या रेघा लगेच पुसल्या आणि मधल्या तशाच राहिल्या, तर दगडात खळगा आहे. मधलीसुद्धा शेवटची रेघ जाईपर्यंत थांबायचं नाही. नवाकोरा दगडही मी आधी असाच तपासतो, आणि बहुतेक वेळा मधल्या रेघा राहतातच. डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी, असेल तर काम लवकर होतं, पण काच पुरते. शेवटी दगडाच्या चारी कडा जरा मारून घ्यायच्या. धारदार कोपऱ्याने पात्याला कपचा पडलेला मी पाहिला आहे. आणि दगड भरपूर पाण्याने धुवायचा, कारण कागदाचा एखादा कण दगडात रुतून राहिला तर १२००० नंबरच्या दगडावरही धारेला ओरखडा येतो.

ज्यांच्याकडे तीन दगड आहेत त्यांनी एक गंमत करून बघावी. दोनच दगड एकमेकांवर घासले तर एक फुगतो, दुसरा बसतो, आणि तरीही दोघं एकमेकांवर झकास जुळतात. तिसरा मध्ये आणला आणि जोड्या बदलत राहिलं की तिघांनाही सपाट होण्यावाचून गत्यंतर राहत नाही. १९ व्या शतकात इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंजिनियरने सरफेस प्लेटसाठी हीच रीत रूढ केली.

बरं, दगड. वस्तरा अगदी बोथट असेल किंवा धारेला कपचे असतील, तर १००० नंबरपासून सुरुवात. दोन्ही बाजूंचे उतार धारेवर नीट मिळेपर्यंत पुढे जायचं नाही. मग ४०००-५०००, मग ८०००, जमलं तर १२०००. वस्तरा मुळात ठीक असेल तर शेवटचा एकच दगड पुरतो. रोज चामड्याच्या पट्ट्यावर, तेही पाठ पुढे ठेवून, आणि ओढायला लागला की दगडावर.

नैसर्गिक दगडांचा मोह मला कळतो. भाचा ब्रसेल्सला असतो, त्याने एकदा कोटिक्यूल या बेल्जियन दगडाचा लहान तुकडा आणून दिला. हा बेल्जियममधल्या आर्देनच्या डोंगराळ भागातला, व्हिएलसाल्मच्या बाजूचा. पिवळसर, आत गार्नेट या कठीण खनिजाचे बारीक कण. थर पातळ असतो म्हणून खाली निळसर पाटीचा दगड. त्याच्यावर पाणी घालून दुसरा लहान दगड घासला आणि थोडा गाळ तयार केला की तो झपाट्याने कापतो, आणि तोच गाळ पाण्याने पातळ करत नेला की मऊ धार देतो. फार गोड दगड आहे. जपानमधल्या क्योटोच्या खाणींतले दगड मी फक्त दुसऱ्यांच्या घरी हाताळले आहेत. अमेरिकेतल्या अर्कान्सासच्या दगडाला तर नोव्हाक्युलाइट असंच नाव आहे, आणि लॅटिनमध्ये नोव्हाक्युला म्हणजे वस्तराच. पण शिकणाऱ्याने कारखान्यात बनवलेला दगड घ्यावा. त्याच्या पोटात काय आहे ते ठाऊक असतं. नैसर्गिक दगड प्रत्येक निराळा, आणि चूक दगडाची की हाताची हे नवख्याला कळत नाही.

बनवलेल्यांतही दोन जाती. काही दगड पाणी पितात, त्यांना बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावं लागतं. राळेत बांधलेल्यांना नुसता शिंतोडा पुरतो. हे मी पैसे घालवून शिकलो. असा एक दगड रात्रभर बादलीत ठेवला आणि सकाळी गॅलरीत उन्हात वाळत घातला. संध्याकाळी त्याच्यावर उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा. सावलीतच वाळवा. आणि पाण्याच्या दगडाला तेल लावू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

आजोबांच्या धोकटीतला वस्तरा माझ्याकडे आहे. पहिल्यांदा मी तो माझ्या सपाट दगडावर घेतला, तेव्हा शाई फक्त मध्ये पुसली गेली. दोन्ही टोकं निळीच्या निळी. पाहिलं तर धार पोटाशी फुगलेली. सरळ करायची म्हणजे मधलं बरंच पोलाद खावं लागणार. मग धोकटीतला त्यांचा निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, काढला. वीतभर लांब, चार बोटं रुंद, आणि मध्ये असा बसलेला की कच्च्या फिटरलासुद्धा दिसावा. पुन्हा शाई लावली, पाणी घातलं, एक फेरी मारली. टाचेपासून टोकापर्यंत सगळी शाई साफ.

तो निसणा मी काचेवर घेतलेला नाही.