कार्पेटच्या मापात गेलेले आमचे तीन महिने

मुलुंडच्या आमच्या २४ घरांच्या सोसायटीचा पुनर्विकास आता मार्गी लागला आहे. सेक्रेटरी म्हणून सगळं माझ्याच हातून गेलं. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे विशेष सभा, दोन तृतीयांश हजेरी, व्हिडिओ चित्रीकरण, ५१ टक्के संमती, बिल्डरची निवड हे सगळं ठरल्या वेळेत झालं.

अडलो ते घराच्या मापात. माझंच घर घ्या. जुन्या खरेदीखतात ५६० चौरस फूट बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट. आमच्या आर्किटेक्टने कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, काढलं ४३१, बिल्डरच्या माणसाने ३९८. फरक ३३ फुटांचा. त्यावर ३५ टक्के जादा जागा कबूल झालेली, म्हणजे नव्या घरात साडेचव्वेचाळीस फुटांचा प्रश्न. एवढ्या जागेत संडास-बाथरूम बसतं. कोण सोडेल?

मग वकिलांची पत्रं सुरू झाली. आमच्या पत्राला त्यांचं उत्तर यायला दहा-बारा दिवस, त्याला आमचं उत्तर तेवढ्याच दिवसांनी. तीन महिन्यांत एकही माणूस टेप घेऊन घरात आला नाही, याचा मला आजही संताप येतो. सभासद रोज जिन्यात गाठून विचारायचे, ‘साहेब, पुढे काय?’ माझ्याकडे उत्तर नसायचं.

शेवटी आमच्या पीएमसीने (प्रकल्प सल्लागाराने) सुचवलं, दोघांचे आर्किटेक्ट एकत्र फिरवा, संयुक्त मोजणी करा. आदल्या दिवशी एका कागदावर नियम लिहिले: माप प्लास्टर ते प्लास्टर, उंबऱ्याची जागा धरायची नाही, बंद केलेली बाल्कनी मंजूर नकाशात असेल तरच धरायची.

पहिलंच घर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं. बिल्डरच्या इंजिनिअरने लेझर मीटर जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवला. आमचा आर्किटेक्ट म्हणाला, ‘जरा वर धर.’ वर धरल्यावर माप एक इंचाने वाढलं. खाली स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या पायथ्याला लावलेली, फरशी दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच पुढे आलेली. दहा बाय बाराच्या खोलीत तेवढ्याने पावणेदोन फूट जातात. त्या मुलाने लगेच मान्य केलं, ‘सर, आम्ही सगळीकडे खालूनच घेतलंय.’ काकू म्हणाल्या, ‘अरे, मग हे तेव्हाच नाही का बघायचं?’

माझ्या घरात स्कर्टिंगचे ८ फूट निघाले. २० फूट बाल्कनीचे. ती शुल्क भरून बंद केल्याची नोंद सुधारित नकाशात सापडली. आमच्या आर्किटेक्टने उंबऱ्यांचे ५ फूट जास्त धरले होते, ते आम्ही सोडले. आकडा ठरला ४२६. चोवीस घरं दोन दिवसांत झाली. प्रत्येक घराच्या कागदावर घरमालक आणि दोन्ही आर्किटेक्ट यांच्या सह्या जागच्या जागी. त्या दिवशी मला रात्री शांत झोप लागली.

म्हणून सांगतो, निविदा काढण्याआधीच संयुक्त मोजणी करून घ्या. ‘कार्पेट’ म्हणजे काय, तेही निविदेतच लिहा. रेराच्या (स्थावर मालमत्ता कायद्याच्या) व्याख्येत घरातल्या आतल्या भिंती धरल्या जातात, जुन्या पद्धतीत धरत नाहीत. जुनं माप जुन्या पद्धतीने आणि नवं रेराच्या पद्धतीने धरलं तर सभासदाचं नुकसान ठरलेलं.

महापालिकेतून मंजूर नकाशाची, आणि सुधारित नकाशाचीही, प्रमाणित प्रत सर्वांत आधी काढा. हे वर सांगायला हवं होतं. ती हातात असती तर बाल्कनीचा वाद उभाच राहिला नसता.

आणि करारात एक कलम आम्ही आग्रहाने घातलं: महिन्यातून एकदा सोसायटी, बिल्डर आणि पीएमसी यांची साइटवर बैठक, इतिवृत्तावर तिघांच्या सह्या, मतभेद झाला तर आधी जागेवर पाहणी, त्यातून सुटला नाही तरच वकिलाचं पत्र. बिल्डरचे वकील आधी नको म्हणत होते. बिल्डर स्वतःच म्हणाला, ‘राहू द्या, माझेही तीन महिने गेलेत.’

मोजणीचे चोवीस कागद विकास कराराला परिशिष्ट म्हणून जोडूनच नोंदणी केली.