गुडघा, मांडी आणि नऊ महिने

गेल्या मे महिन्यात लालबागच्या मैदानावर कबड्डीचा सराव करताना चढाईवरून परत वळलो, उजवा पाय मॅटवर रोवलेला राहिला, वरचे अंग मात्र वळले आणि गुडघ्याच्या आतून ‘कट्’ असा आवाज आला. कुणी पकड केली नव्हती, कुणाचा धक्काही लागला नव्हता. अशा दुखापती पुष्कळदा प्रतिस्पर्ध्याविनाच होतात, हे मला नंतर समजले. तीन जिने चढून घरी पोहोचेपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता. सांध्यात रक्त साचल्यामुळे सूज इतक्या झपाट्याने येते आणि अनुभवी डॉक्टर एवढ्यावरूनच एसीएलचा, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांना आतून बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचा, संशय घेतात. एमआरआयने तो खरा ठरवला.

‘लगेच ऑपरेशन करून टाक’ हा सल्ला मंडळातल्या प्रत्येकाने दिला, शेजारच्या काकूंनी तेवढा हाडवैद्याचा पत्ता दिला. मी मात्र वाचायला बसलो. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांचे दोन गट करून झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एका गटाची शस्त्रक्रिया लवकर करण्यात आली, दुसऱ्याला आधी केवळ व्यायामोपचार देऊन गरज भासल्यास शस्त्रक्रियेची मुभा ठेवण्यात आली. दुसऱ्या गटातील ५९ जणांपैकी २३ जणांनीच दोन वर्षांत ऑपरेशन करून घेतले आणि तरीही दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या गुणांकनात लक्षणीय फरक आढळला नाही. हे वाचून मी हुरळून गेलो, पण त्यात व्यावसायिक खेळाडू घेतलेले नव्हते. शिवाय २०२२ साली ब्रिटनमधील ३१६ रुग्णांवरचा अभ्यास आला, त्यात दुखापत जुनी होऊन गुडघा अस्थिर राहिलेल्यांना शस्त्रक्रियेचा अधिक लाभ झाल्याचे दिसले. दोन्ही अभ्यास खरे आहेत. प्रश्न आपण कुठल्या रुग्णांत मोडतो एवढाच असतो. माझा गुडघा जिना उतरताना दोनदा दगा देऊन गेला होता आणि मला पुन्हा चढाई करायची होती, म्हणून जुलैत मी ऑपरेशनला होकार दिला.

शस्त्रक्रियेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दुर्बिणीच्या साहाय्याने, मांडीच्या मागच्या बाजूच्या स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, काढून त्यांचा ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटच्या जागी लावायचे कलम, हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून बसवतात. मात्र हा ग्राफ्ट बसवल्या दिवसापासून लिगामेंट होत नाही. आधी त्याच्या मूळ पेशी मरतात, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि त्याची घडण हळूहळू बदलत जाते. मधल्या काळात तो बसवला तेव्हापेक्षा कमकुवत असतो आणि पंचाईत अशी की नेमक्या याच काळात वेदना ओसरलेली असते व रुग्णाला आपण बरे झालो असे वाटू लागते.

माझी खरी फजिती मांडीने केली. दुसऱ्या आठवड्यात फिजिओ मॅडमनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘टॉवेल खाली दाबा, मांडी आवळा.’’ मी दात-ओठ खाल्ले, कपाळावर घाम आला, पण मांडी ढिम्म हलली नाही. सांध्यात सूज असली की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, जणू कुलूप लावते. स्नायू शाबूत असतो, त्याच्यापर्यंत हुकूम पुरा पोहोचत नाही. टेपने मोजले तेव्हा गुडघ्याच्या वाटीच्या वर उजवी मांडी डावीपेक्षा तीन सेंटिमीटरने बारीक भरली. आपल्याकडे ऑपरेशनला लाखभर रुपये उभे करणारी माणसे फिजिओच्या दहाव्या फेरीला कंटाळतात. हे मी स्वतःवरूनच सांगतो, कारण गणपतीच्या धामधुमीत मीही तीन फेऱ्या चुकवल्या होत्या.

रुग्णालयाच्या कागदावर ‘सहा महिन्यांनंतर खेळण्यास हरकत नाही’ असे छापील वाक्य होते. मांडीच्या ताकदीविषयी त्यात अक्षरही नव्हते आणि त्याचा मला आजही राग आहे. डेलावेअर आणि ओस्लो येथील संशोधकांनी १०६ रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा करून २०१६ साली मांडलेले निष्कर्ष त्या वाक्याशी जुळत नाहीत. खेळात परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबले, तितका दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचा दर सुमारे ५१ टक्क्यांनी घटला. परतण्यापूर्वी ताकदीच्या व उडीच्या चाचण्या पार न केलेल्यांपैकी ३८.२ टक्के पुन्हा जायबंदी झाले, पार केलेल्यांपैकी ५.६ टक्के. रुग्णसंख्या लहान आहे आणि सबुरीने वागणारी माणसे मुळातच जपून खेळत असतील, अशी शंका घेता येते. तरीही छापील सहा महिन्यांपेक्षा मला हे आकडे अधिक पटतात.

फेब्रुवारीत, सातव्या महिन्यात, मंडळाच्या कर्णधाराचा फोन आला, ‘‘दादा, स्पर्धा तोंडावर आली, नाव टाकू ना?’’ दुसऱ्याच दिवशी मॅडमनी फरशीवर मोजपट्टी चिकटवली आणि एका पायावर उडी मारून त्याच पायावर स्थिर उभे राहायला सांगितले. डावा पाय १५२ सेंटिमीटर गेला. उजवा १२१, तोही उतरताना गुडघा आत झुकला. दोन पायांतला मेळ किमान नव्वद टक्के हवा, माझा ऐंशीच्याही आत होता. मॅडम काही बोलल्या नाहीत, वहीत सहा आठवड्यांनंतरची तारीख लिहून वही माझ्यापुढे सरकवली. मी तिथूनच कर्णधाराला फोन लावून नाव टाकू नकोस म्हणून सांगितले आणि एका पायाच्या स्क्वॉटचा तिसरा सेट पुरा करायला भिंतीपाशी गेलो.