दिवाळीतलं खेळण्यांचं खोकं

नरक चतुर्दशीला आमच्या वॉर्डात सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, एखादं तरी लेकरू येतंच. गडचिरोली जिल्ह्यात तेव्हा पहाटे गारठा असतो. अंधारात अंगणात आंघोळ होते, अंग थंड पडतं आणि विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी बारीक नसांत अडकतात. यंदा सात वर्षांचा मुलगा आला, लाल कार्डवाला, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडून दोष आलेला, प्रत्यक्ष आजार असलेला. "सणाचा दिवस होता जी सिस्टर, म्हणून धुतलं त्याले," आई परत परत सांगत होती. थंड पाणी चालत नाही, हे कार्ड हातात देताना तिला कोणी सांगितलं नव्हतं. २०२३ पासून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, तपासण्याही होतात, पण आईजवळ पाच मिनिटं बसायला कुणी नसतं. याचा मला फार राग येतो.

दुखणं बरगड्यांत होतं. सलाईन, वेदनाशामक, ऊब सगळं चालू होतं. पण बरगडी दुखली की मूल वरवर श्वास घेतं, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि तिथून छातीचा जीवघेणा त्रास सुरू होऊ शकतो. त्याच्या रक्तातला ऑक्सिजन ९३ टक्के होता. जागेपणी दर २ तासांनी १० खोल श्वास घ्यायला लावायचे असतात. त्यासाठी श्वास आत ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं यंत्र आहे, पण त्यानं एकदा ओढलं, कळवळला आणि भिंतीकडे तोंड केलं.

अकरा वाजता शहरातून खेळणी वाटायला मंडळी आली. मनानं चांगली माणसं होती. पण खोक्यात रिमोटच्या गाड्या होत्या, चपट्या सेलची वाजणारी खेळणी होती. तसला सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. ती मी तिथंच बाजूला काढली. सगळ्यात खाली साबणाच्या फुग्यांच्या चार बाटल्या होत्या.

एक घेऊन मी त्याच्या पलंगावर बसले. पहिल्या फुंकरीला पापुद्रा फाटला, दुसरीलाही. फुगा मोठा व्हायला फुंकर हळू आणि लांब लागते, आणि लांब फुंकर मारायची तर आधी छाती भरावीच लागते. "हळू फुक ना बापा," आई म्हणाली. चौथ्या खेपेला लिंबाएवढा फुगा झाला आणि सलाईनच्या नळीवर जाऊन बसला. तो फुटेपर्यंत पोरगं हललं नाही. मग स्वतःच काडी बुडवली. दहा झाल्यावरही थांबेना. दर २ तासांनी तो माझ्याआधी बाटली काढून बसायचा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ऑक्सिजन ९७ होता. औषधांचं श्रेय मी फुग्यांना देत नाही, पण जो श्वास यंत्रानं निघाला नाही तो फुग्यानं निघाला.

एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते.

शेजारच्या पलंगावर मलेरियाची चार वर्षांची मुलगी होती. फोटोसाठी तिच्या कुशीत तपकिरी टेडी दिला गेला. मंडळी गेल्यावर मी तो तिच्याकडून काढून घेतला. कापडी खेळणं पुसून निर्जंतुक होत नाही, एका मुलाचं दुसऱ्याला देता येत नाही. नियम बरोबरच आहे. पण एकाच मुलाला दिलं आणि तिच्यासोबत घरी गेलं, तर अडचण काय होती? तोवर इन्चार्ज सिस्टरनी सगळं खोकं स्टॉकबुकात चढवलं होतं, टेडी वॉर्डची मालमत्ता झाला होता. त्यांना ऑडिटची भीती असते, आणि त्या दिवशी मीही वाद घातला नाही. मुलगी रडली नाही. "थो माह्या नाई का?" एवढंच विचारलं. मी "उद्या देते" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. त्याच दुपारी तिला डिस्चार्ज मिळाला.

काल मी तीन ओळींचा अर्ज दिला: कापडी खेळणी स्टॉकबुकात न घेता थेट मुलाच्या नावावर द्यावीत, आणि देणाऱ्यांना आधी फोनवर यादी सांगावी, फुग्यांच्या बाटल्या सगळ्यात वर. अजून सही झालेली नाही. टेडी कपाटात आहे. तिच्या केसपेपरवर गावाचं नाव आहे, त्या गावच्या आशाताई मंगळवारी मीटिंगला येतात.