बारा वाजून सदतीस मिनिटं

‘विंडोज १० बंद होणार’ या आवईने ऑक्टोबरभर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान भरलेलं होतं. प्रत्येकाला तेच समजावत होतो की १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतील, मशीन थांबणार नाही. कुणाला पटत नव्हतं. चांगली चालणारी मशीन्स भंगारात घालून नवीन घ्यायला लावणारे विक्रेते तेव्हा बरेच होते आणि त्यांचा मला आजही राग आहे.

काकूंचं मशीन मात्र विंडोज ११ च्या नियमात बसत होतं. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, रॅम ८ अधिक ८ जीबी. काकू कराडात लग्नपत्रिकांचं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची मांडणी, करतात, पंचवीस वर्षं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने अपग्रेड मारलं. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. “अरे, पडदा काळा होतोय आणि आपोआप परत चालू होतंय. तुळशीचं लग्न झालं की माझ्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो, तुला माहितीये.”

अपग्रेडनंतर मशीन पडायला लागलं की गुन्हेगार ठरलेलाच असतो. मीही तसंच धरलं. आपोआप रिस्टार्ट होणं आधी बंद केलं, म्हणजे पडद्यावरचा कोड वाचता येतो. पहिल्यांदा ‘मेमरी मॅनेजमेंट’ आलं. तासाभराने ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. संध्याकाळी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, आणि खाली ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं, म्हणजे तो भाग चालवणाऱ्या प्रोग्रामचं, नाव. नाव दिसलं म्हणून तो ड्रायव्हर मुळापासून काढून नवीन टाकला. पुढच्या वेळी खाली नाव आलं लॅन कार्डच्या ड्रायव्हरचं.

इथेच मी थांबायला हवं होतं. ड्रायव्हर बिघडलेला असेल तर तो बहुतेक वेळा त्याच जागी, त्याच कोडने पडतो. दर वेळी नवा कोड आणि नवं नाव दिसत असेल, तर ज्यांची नावं येतायत ते सगळे ज्या जमिनीवर उभे आहेत ती जमीनच खचलेली असते. हे मी दुकानातल्या पोरांना शिकवतो. पण अपग्रेडला दोषी धरून बसल्यामुळे समोरचं दिसलं नाही.

सिस्टिम फाइल्स तपासणारी कमांड दिली. खराब फाइल्स सापडल्या, दुरुस्त झाल्या असं आलं. पुन्हा दिली, पुन्हा खराब. विंडोजची स्वतःची मेमरी चाचणी लावली. तिने सगळं ठीक असल्याचं सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ ची रांग लागली होती. मशीन नीट बंद न होता बंद पडलं, एवढाच तिचा अर्थ. तेवढ्यावर वीज पुरवणारा एसएमपीएस बदलून पैसे घेणारे आमच्या धंद्यात आहेत. ते मी केलं नाही. शेवटी फॉरमॅट मारला. निम्म्या वाटेत इन्स्टॉलेशन थांबलं, ‘आवश्यक फाइल्स इन्स्टॉल करता येत नाहीत’. मला पेनड्राइव्हचा संशय. दुसरा पेनड्राइव्ह घेतला. दिवस गेला.

दिवसभर काकू शेजारी बसून छापील कागदावर प्रूफ वाचत होत्या. एका ओळीखाली स्टीलची पट्टी धरायची, ओळ वाचायची, पट्टी खाली सरकवायची. संपलं की पुन्हा पहिल्यापासून, तीन वेळा. पूर्वी त्या असं करत नसत. विचारलं तेव्हा म्हणाल्या, “वैशाखात एक पत्रिका चुकली माझी. तेव्हापासून स्वतःवर भरवसा राहिला नाही.”

शुभमुहूर्त दुपारी बारा वाजून सदतीस मिनिटांचा होता, छापून आला तेहेतीस. चार मिनिटांचा फरक. पण वरपक्षाने गुरुजींकडून काढून आणलेला मुहूर्त होता तो. सहाशे पत्रिका काकूंनी पदरच्या पैशांनी परत छापून दिल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या प्रूफात सदतीस होतं, घरच्यांनी ते मान्यही केलं होतं. नंतर निमंत्रकांत एका पुतण्याचं नाव राहिलं म्हणून काकूंनी फाइल उघडली, नाव घातलं, सेव्ह केली आणि छपाईच्या प्लेटला पाठवली. एकच नाव, म्हणून दुसरं प्रूफ पाठवलं नाही. “मुहूर्ताच्या ओळीला मी हातही लावला नव्हता,” काकू म्हणाल्या. “पण मुलगा म्हणतो, वय झालं आई, बोट पडलं असेल. असेलही.”

ऐकलं आणि सोडून दिलं.

रात्री मशीन दुकानात आणलं. रॅमच्या दोन्ही स्टिक काढल्या, पिवळे कॉन्टॅक्ट खोडरबराने पुसले, ब्लोअर मारून परत बसवल्या आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ लावून घरी गेलो. ही चाचणी विंडोजच्या बाहेर चालते. रॅमच्या प्रत्येक घरात ठरलेला आकडा लिहायचा, परत वाचायचा, जुळतो का बघायचं. सोळा जीबीला चार फेऱ्या म्हणजे रात्र जाते. पहाटे साडेपाचला शटर उघडलं तर पडद्यावर लाल ओळी. पहिली फेरी स्वच्छ, दुसरीपासून चुका. मशीन तापल्यावर. काकूंचं मशीन दुपारनंतरच का पडायचं, ते तिथे कळलं.

एकेक स्टिक वेगळी लावून, दोन्ही स्लॉटमध्ये फिरवून बघितली. चुका एकाच स्टिकच्या मागे फिरत होत्या. ती उलटी करून प्रकाशात धरली. स्टिकरच्या कोपऱ्यात मार्करने तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची, माझ्या अक्षरात. विकलेल्या प्रत्येक पार्टवर मी तारीख घालतो. कोरल ड्रॉ हळू चालतं म्हणून काकूंना रॅम वाढवून दिली होती. टास्क मॅनेजरमध्ये सोळा जीबी दिसली, पैसे घेतले. पाच मिनिटांचं काम.

मग मी त्या लाल ओळी नीट वाचल्या. लिहिलेला आकडा, आठ एफ. वाचलेला आकडा, सात एफ आणि शेवटी बी. जवळजवळ प्रत्येक ओळीत हाच फरक. एफ हा सोळाच्या मोजणीतला अंक, म्हणजे चारही बिट, एक-शून्याची घरं, चालू, ११११. बी म्हणजे १०११. चारची किंमत असलेला एकच बिट त्या जागी टिकत नव्हता, एकचा शून्य होत होता.

सदतीसमधला सात म्हणजे १११. त्यातला चारचा बिट गेला की उरतं ०११. तीन. काकूंच्या जुन्या फॉण्टमध्ये सातचा कोड ५५ आणि तीनचा ५१. युनिकोडमधले मराठी अंक घेतले तरी ७ आणि ३ यांच्यात हाच एक बिट. स्टूल ओढून तिथेच बसलो.

अपग्रेडने काहीच बिघडवलं नव्हतं. माझा हिशोब असा की विंडोज ११ जास्त मेमरी घेतं आणि तिची मांडणीही वेगळी होते. आधी त्या खराब जागेवर एखाद्या चित्राचा तुकडा नाहीतर मजकुराचं अक्षर पडायचं आणि गुपचूप बदलायचं. आता तिथे सिस्टिमचं स्वतःचं काहीतरी बसायला लागलं आणि मशीन कोसळलं. दोन वर्षांत आणखी काय काय बदललं असेल याचा छडा लागणार नाही. साध्या रॅममध्ये चूक पकडायची सोयच नसते. सर्व्हरच्या ईसीसी रॅममध्ये असा एक बिट पकडून दुरुस्त होतो. ती रॅम पत्रिका छापणाऱ्याच्या टेबलावर येत नाही.

नवी स्टिक आधी रात्रभर तपासली, मग विंडोज टाकून मशीन काकूंकडे नेलं. कागदावर १११ आणि ०११ लिहून सगळं सांगितलं. स्टिक मी दिलेली होती आणि न तपासता दिलेली होती, हेही सांगितलं. सहाशे पत्रिकांचे पैसे देतो म्हणालो, त्यांनी हातानेच नको म्हटलं. ड्रॉवर उघडून तळातून त्यांनी एक पत्रिका काढली. वैशाखातली, चुकलेली. मुहूर्ताच्या ओळीखाली बोट धरलं.

“म्हणजे मी सातच दाबला होता ना?”

तो बिट त्याच दिवशी, त्याच ओळीत पडला हे दाखवणारा कागद माझ्याकडे नाही. वैशाखात ती स्टिक बिघडलेली होती की ती नंतर बिघडली, हेही सांगता येणार नाही. मी “हो काकू” म्हणालो. बरोबर केलं का, हे अजून ठरत नाही.

त्यांनी पत्रिका परत ड्रॉवरमध्ये ठेवली आणि पट्टी हातात घेतली. “चालू कर मशीन. तीनच्या आत दोन पत्रिका प्लेटला जायच्यात.”