नव्या पाकिटाची पहिली गोळी

गर्भनिरोधक गोळ्या ९९ टक्के खात्रीच्या, असं सगळीकडे वाचायला मिळतं. खोटं नाही, पण तो आकडा एकही गोळी न चुकवणाऱ्या बाईचा. रोजच्या धबडग्यात गोळ्या घेणाऱ्या १०० जणींपैकी साधारण ७ जणींना वर्षभरात दिवस राहतात. कंडोम दरवेळी नीट वापरला तर २, एरवी १३. तांबीचा आकडा मात्र दोन्हीकडे जवळपास तोच, शंभरात एकीहूनही कमी. एकदा बसवली की आठवण ठेवायचं कामच उरत नाही.

मग गोळी चुकते कुठे? पाकिटाच्या मधली एखादी राहिली की जीव घाबरा होतो. खरा धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. २१ गोळ्या संपल्या की ७ दिवस खंड. (२८ च्या पाकिटात शेवटच्या ७ गोळ्यांत हार्मोन नसतं, त्या राहिल्या तरी बिघडत नाही.) या खंडात अंडाशय हळूहळू जागं होऊ लागतं. आठव्या दिवशी नवं पाकीट सुरू झालं की परत झोपतं. तिथे दोन-तीन दिवस उशीर झाला, की खंड ९-१० दिवसांचा होतो आणि बीज सुटू शकतं. नुकतीच पाळी येऊन गेलेली, त्यामुळे बाई निर्धास्त असते, हीच गोम.

एक गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या, पुढची ठरल्या वेळी. एका दिवसात दोन झाल्या तरी चालतात. सलग दोन किंवा जास्त राहिल्या तर फक्त शेवटची राहिलेली घ्या, आधीच्या टाकून द्या आणि पुढचे ७ दिवस कंडोम वापरा. हे पहिल्या आठवड्यात झालं आणि आधीच्या ५ दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीची गोळी घ्यावी. तिसऱ्या आठवड्यात झालं तर खंड न घेता थेट नवं पाकीट उघडा. गोळीनंतर ३ तासांत उलटी झाली तर दुसरी घ्या. साध्या अँटिबायोटिक्सची भीती नको. टीबीवरचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही मात्र गोळीचा जोर खरोखर कमी करतात.

हे सगळं दोन हार्मोनांच्या गोळीचं. एकाच हार्मोनच्या गोळीचे नियम वेगळे, ते पाकिटातल्या कागदावर बघा.

तातडीची गोळी (लेव्होनॉर्जेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम) संबंधानंतर ७२ तासांत, पण जितकी लवकर तितकी बरी. ती बीज सुटणं लांबवते; सुटायची वेळ अगदी येऊन ठेपली असेल तर तिचा उपयोग होत नाही. आणि लांबलेलं बीज पुढे सुटतंच, म्हणून त्यानंतरच्या संबंधांना तिचं संरक्षण नसतं. ५ दिवसांच्या आत बसवलेली तांबी हिच्यापेक्षा कितीतरी खात्रीची. काहीही निवडलं तरी तीन आठवड्यांनी लघवीची चाचणी करा, मधे थोडं रक्त दिसलं असलं तरी.