थधरीचं ताट

आज थधरी. उल्हासनगरात राहून हा सण मी आजवर फक्त ऐकला होता. या वेळी शेजारच्या आंटींनी हक्काने जेवायला बसवलं. श्रावण वद्य सप्तमी, म्हणजे जन्माष्टमीच्या आदल्या दिवशी सिंधी घरांत चूल पेटत नाही. काल रात्री स्वयंपाक उरकून गॅसच्या शेगडीवर पाणी शिंपडून पूजा झाली, आता दिवसभर सगळं थंडच खायचं. शीतळादेवीचा मान.

ताटात मिठो लोलो, कोकी, तळलेली कारली आणि दही. लोलो म्हणजे कणकेत भरपूर तूप, गोड पाक आणि वेलची घालून तव्यावर मंद भाजलेली जाड पोळी. आपल्या दशमीची श्रीमंत बहीण म्हणा! कोकीत कांदा, मिरची, कोथिंबीर, अनारदाणा. ती आधी अर्धवट भाजायची, मग पुन्हा लाटून तूप सोडत भाजायची. तिचा खुसखुशीतपणा तिथून येतो. शिळी कोकी ताजीपेक्षा चांगली लागते, हे माझं ठाम मत.

आंटींच्या सासूबाई फाळणीनंतर सिंधमधून इथे, तेव्हाच्या कल्याण कॅम्पात आल्या. लष्करी बराकीत संसार मांडला तरी थधरीला चूल थंड ठेवायची हे त्यांनी सोडलं नाही, असं आंटी सांगत होत्या. (आम्ही अजूनही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’च म्हणतो.)

निघताना डब्यात चार लोले मिळाले. चहात बुडवून खा म्हणाल्या. दोन रिक्षातच संपले.